मॅशचा पीएच घरी मोजायलाच हवा का?

भरडापाणी:
घरी बिअर करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास दिला जातो: माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) चांगलं घ्या, तापमान सांभाळा, पीएचच्या भानगडीत पडू नका, ते कारखान्यांचं काम. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. एक्स्ट्रॅक्टची (माल्टच्या तयार आटवलेल्या अर्काची) गोष्ट सोडा, त्यात मॅश, म्हणजे गरम पाण्यात कालवलेला माल्टचा भरडा, आधीच कोणीतरी करून दिलेला असतो. पण जो धान्यापासून सुरुवात करतो त्याने मॅशचा पीएच मोजावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारणं देतो, खोडून काढा.

स्टार्चची साखर करणारी अल्फा आणि बीटा अमायलेज ही दोन्ही एन्झाइम्स किंचित आम्ल मॅशमध्ये खुशीत काम करतात. वर्ट (मॅशमधून निघणारा गोड रस) खोलीच्या तापमानाला आणून मोजला तर साधारण ५.२ ते ५.६ हा पट्टा चांगला. मात्र निव्वळ साखरेसाठी मी एवढा आग्रह धरला नसता, कारण ५.८ ला सुद्धा साखर होतेच. माझा आग्रह चवीसाठी आहे. पीएच चढा राहिला की धान्याच्या सालीतलं टॅनिन उतरू लागतं. सगळ्यात जास्त धोका स्पार्जच्या (धान्यात उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन काढण्याच्या) शेवटी, कारण तोवर वर्ट पातळ झालेला असतो आणि पाण्यातल्या बायकार्बोनेटला आवरणारं माल्टमधलं आम्ल संपत आलेलं असतं. पीएच ६ च्या वर आणि पाणी ७७ अंशांच्या वर, असं दोन्ही एकदम झालं की बिअर तुरट होणार. हॉप्सचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणाही चढ्या पीएचला जास्त उतरतो आणि घोट गिळल्यावर जिभेवर खरखरीत रेंगाळतो. मग बिचाऱ्या यीस्टला दोष दिला जातो.

शिवाय ही मोजपट्टी बाहेरून येऊन आपल्या छंदाला चिकटलेली नाही. एस. पी. एल. सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये पीएचची कल्पना मांडली ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, एन्झाइम्सचा अभ्यास करताना. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याचीच.

उकळी:
टॅनिनचं सगळं बरोबर आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. प्रत्यक्ष काय होतं ते बघा. भरडा पाण्यात कालवल्यावर पीएच स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटं जातात. मग नमुना काढा, थंड करा, मोजा, आकडा पटला नाही तर आम्ल घाला, ढवळा, पुन्हा थांबा. आजचं माल्ट इतकं तयार असतं की तोवर बहुतेक स्टार्चची साखर होऊन गेलेली असते. पांढऱ्या बशीत वर्टचा थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाका, निळं-काळं होत नसेल तर काम झालं. जी दुरुस्ती वेळेत करताच येत नाही, तिच्यासाठी उपकरण कशाला पाळायचं?

आणि दुसरं, क्रम. नवख्याची बिअर बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यातल्या क्लोरीनमुळे, कमी किंवा थकलेल्या यीस्टमुळे, आंबवताना तापमान वर गेल्यामुळे नाहीतर भांडी नीट निर्जंतुक न केल्यामुळे. क्लोरीनने येणारा औषधी वास कॅम्पडेनच्या (सल्फाइटच्या गोळीच्या) चिमूटभर भुकटीने टळतो. पीएच त्या यादीत फार खाली येतो. माणसाचं लक्ष एका वेळी किती ठिकाणी राहणार?

भरडापाणी:
उकळीताई, आजचं मोजमाप आजच्या मॅशसाठी नसतंच, ते पुढच्या वेळचं आहे. तेच पाणी, तीच कृती, आज आकडा ५.७ आला, तर पुढच्या वेळी लॅक्टिक ॲसिड भरडा टाकायच्या आधीच पाण्यात जाईल. मोजलंच नाही तर पुढच्या वेळीही अंदाजच. शिवाय चुकलेल्या पीएचचा परिणाम साखर झाल्यावर संपत नाही. तो उकळीत जातो, हॉप्समध्ये जातो, उकळताना प्रथिनांचा साका नीट धरतो की नाही त्यावरही दिसतो.

जुना_हौशी:
मी उकळीताईंच्या बाजूचा, पण माझं कारण वेगळं आहे. पिल्सेनचं पाणी अतिशय मृदू, म्हणून तिथे फिकट सोनेरी लागर जमली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, तिथे भाजलेल्या काळ्या धान्याची स्टाउट जमली, कारण गडद माल्ट स्वतःच आम्ल असतं आणि पाण्याची क्षारता खाऊन टाकतं. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट), तिथे हॉप्सची कडवट पेल एल. त्या लोकांकडे कुठलं मीटर होतं? त्यांनी पाण्याला साजेशी बिअर शोधली. आपणही तेच करावं. पाणी जड असेल तर गडद बिअर करा आणि निश्चिंत राहा.

लिटमस:
हौशीकाका, ती गावं एका प्रकारच्या बिअरवर पिढ्यान्‌पिढ्या हात बसवत होती. आपल्याला एकाच नळाच्या पाण्यावर या महिन्यात स्टाउट आणि पुढच्या महिन्यात पिल्सनर करायची असते. शिवाय जर्मन ब्रुअर गप्प बसले नाहीत. बिअरमध्ये काय घालायचं ते ठरवणाऱ्या तिथल्या शुद्धतेच्या नियमामुळे मॅशमध्ये थेट आम्ल ओतता येत नाही, म्हणून लॅक्टिक आम्ल असलेलं आंबट माल्ट वापरात आलं. एकूण धान्याच्या १ टक्का घातलं की पीएच साधारण ०.१ ने उतरतो असा ठोकताळा आहे. पॉल कोलबाख यांनी १९५३ मध्ये शिल्लक क्षारतेचा (मॅशचा पीएच वर ढकलणाऱ्या उरलेल्या क्षारतेचा) हिशेब मांडला: पाण्याच्या क्षारतेतून कॅल्शियमचा ३.५ वा भाग आणि मॅग्नेशियमचा ७ वा भाग वजा करायचा, सगळं मिलिइक्विव्हॅलंटमध्ये. कॅल्शियम माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळतं आणि हायड्रोजन आयन मोकळे होतात, म्हणून ही वजाबाकी. पाण्याला शरण जायची परंपरा होती, तशी त्याच्याशी झगडायचीही होती.

ताळेबंद:
कोलबाख यांचं नाव निघालंच आहे तर माझा मुद्दा सोपा झाला. हिशेब आहे ना, मग मोजायचं कशाला? आरओचं पाणी घ्या, त्यात जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराईड तोलून घाला, धान्याची यादी कॅल्क्युलेटरमध्ये भरा. येणारा आकडा घरच्या कामाला पुरेसा असतो. मीटर हवं कोणाला? ज्याला आपल्या पाण्यात काय आहे हेच माहीत नाही त्याला. त्याने आधी पाण्याचा अहवाल मिळवावा.

लिटमस:
अहवाल बहुधा सरासरीचा असतो आणि नळाचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं. आरओचा पडदा जुना झाला की तोही क्षार सोडू लागतो. शिवाय कॅल्क्युलेटर माल्टचा आकडा गृहीत धरतो. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेलं फिकट बेस माल्ट ५.६ ते ५.८ च्या आसपास बसतं, पण उत्पादक बदलला, पीक बदललं की त्यातही फरक पडतो. तुमचा हिशेब बरोबर होता हे कळणार कशावरून? मोजूनच ना.

नवा_खमीर:
मध्येच विचारतो. माझ्या मीटरवर 'आपोआप तापमान दुरुस्ती' असं लिहिलं आहे. मग गरम मॅशमध्येच बुडवायला काय हरकत? आणि पुस्तकातला ५.२ नक्की कुठल्या तापमानाचा?

भरडापाणी:
फार चांगला प्रश्न, निम्मे वाद इथेच सुरू होतात. ती दुरुस्ती फक्त प्रोबच्या (मीटरच्या बुडवायच्या टोकाच्या) विद्युत प्रतिसादाची असते. मॅश तापल्यावर त्याचा पीएच खरोखरच खाली जातो, त्याला मीटर काही करू शकत नाही. ६५ अंशांना दिसणारा आकडा खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ०.२ ते ०.३ ने कमी असतो. म्हणजे गरम मॅशमध्ये ५.२ दिसला तर थंड नमुन्यात तो ५.४ ते ५.५ असेल, आणि तुम्ही पीएच वाढवायला सोड्याचा डबा उघडायचं काही कारण नाही. लेखकाने तापमान सांगितलं नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. शिवाय उष्णतेने प्रोबचं आयुष्य घटतं. स्टीलच्या ताटलीत दोन चमचे वर्ट पातळ पसरा, ताटली गार पाण्यावर टेकवा, मिनिटाभरात निवतो. मग छोट्या कपात घेऊन मोजा. आकडा थांबेपर्यंत प्रोब हलकेच फिरवत राहा.

उकळी:
बघा, याच कारणाने मी विरोधात आहे. मीटर घेतलं की ७ आणि ४ च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी) कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर जुळवणं आलं. प्रोब पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवणं आलं. डिस्टिल्ड पाण्यात ठेवला तर बिघडतो, कोरडा पडला तर बिघडतो, आणि सगळं नीट केलं तरी दोनेक वर्षांत म्हातारा होतो. निम्म्या घरांत तो टोपणात सुकलेला सापडेल. अशा प्रोबचा दोन दशांश स्थळांचा आकडा बघून लोक मॅशमध्ये आम्ल ओततात. न मोजणाऱ्याची बिअर त्यापेक्षा बरी निघते. कागदाच्या पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको, वर्टच्या तपकिरी रंगात छटा काय जुळवणार? आणि मी धान्य कापडी पिशवीत भरून मॅश करते, सगळं पाणी एकदम. स्पार्जच नाही, मग स्पार्जमधल्या टॅनिनची भीती मला का दाखवता?

लिटमस:
ताई, पिशवीवाल्यांना तर जास्त गरज आहे. सगळं पाणी एकदम म्हणजे दर किलो धान्यामागे पाणी जास्त, म्हणजेच बायकार्बोनेटही जास्त. धान्याची आम्लता तेवढीच राहते. तेच पाणी आणि तेच माल्ट घट्ट मॅशमध्ये ५.५ देत असेल, तर पिशवीत त्याहून वर जाणार. त्यात तुम्ही शेवटी पिशवी पिळत असाल, तर तो वर्ट कुठल्या पीएचला सालीतून निघतोय हे कळायला हवं. पिळण्याने टॅनिन येत नाही, चढ्या पीएचने येतं.

जुना_हौशी:
पाणी उकळून निवू दिलं तर बरंच बायकार्बोनेट चुन्याच्या रूपात तळाशी बसतं, वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. हा जुना उपाय आहे. मात्र त्याबरोबर कॅल्शियमही जातं, तेवढं जिप्सम परत घालावं. त्याने मॅशचा पीएच किती बदलला हे मात्र मीटरशिवाय कळत नाही, हे मान्य करतो.

उकळी:
पिशवीतल्या पाण्याच्या प्रमाणाचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. माझं पाणी आरओचं आहे, त्यात मुळात बायकार्बोनेट जवळपास नाही, म्हणून मला फरक पडत नसावा. नळाचं जड पाणी आणि फिकट माल्ट घेऊन पिशवीत मॅश करणाऱ्याने मोजावं, एवढं मी आता म्हणेन. पण पहिल्यांदा धान्याला हात लावणाऱ्याला मी मीटर घे असं सांगणार नाही. त्याने क्लोरीन काढावं, आंबवण्याची जागा गार ठेवावी, ताजं यीस्ट पुरेसं घालावं. हे करूनही फिकट बिअर तुरट लागली तर मग मीटर.

भरडापाणी:
तुरट लागेपर्यंत थांबा, हे मला मान्य नाही. आरओच्या पाण्याबद्दलही एक सांगतो. फिकट माल्ट आणि क्षार न घातलेलं आरओ यांचा मॅश ५.७ च्या आसपास राहतो, पट्ट्याच्या बाहेर. पुढच्या खेपेला कोणाचं तरी मीटर घेऊन, ताजं कॅलिब्रेट करून, ताटलीत निववलेला नमुना एकदा मोजा आणि आकडा इथे टाका. मग बोलू.