मदत हवी आहे: जुन्या क्लोरोफॉर्मच्या बाटलीत फॉस्जिन (विषारी वायू) असेल का?

प्रयोगशाळेच्या कपाटात क्लोरोफॉर्मची तपकिरी काचेची बाटली सापडली आहे. सील तुटलेलं, बाटली निम्मी रिकामी, उघडल्याची तारीख कुठेच नाही. लेबलवर स्टॅबिलायझर (क्लोरोफॉर्म बिघडू नये म्हणून घालतात तो पदार्थ) म्हणून अ‍ॅमिलीन लिहिलंय, आणि काळजी त्याचीच आहे. इथेनॉल घातलेलं असतं (साधारण 0.5 ते 1 टक्का) तर तयार होणारं फॉस्जिन त्याच्याशी अभिक्रिया करून बरंचसं संपतं. अ‍ॅमिलीनचा तेवढा भरवसा नाही. हवा आणि उजेड मिळाला की फॉस्जिन व हायड्रोजन क्लोराइड साचू शकतं. फॉस्जिन 8 अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे झाकण उघडताच ते बाटलीतल्या रिकाम्या जागेतून बाहेर येणार. वासावर तर मुळीच विसंबता येत नाही.

मी बाटली अजून उघडलेली नाही. उजेडापासून दूर, अ‍ॅसिटोन आणि अल्कलींपासून वेगळी ठेवून चिठ्ठी लावली आहे. सुरक्षा माहितीपत्रक वाचलं, त्यात जुन्या साठ्याबद्दल मोघम लिहिलंय. फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढून नेणारं कपाट) चालू आहे, पण फॉस्जिन ओळखणाऱ्या पट्ट्या नाहीत, फक्त लिटमस आहे. एका सहकाऱ्याचं म्हणणं, पाण्याने धुऊन, ऊर्ध्वपातन करून वापरा. मला ते पटत नाही. हे क्लोरोफॉर्म वापरायचंच नाहीये, सुरक्षितपणे घालवायचं आहे.

ओला निळा लिटमस लाल झाला नाही तर फॉस्जिन नाही असं धरता येतं का? की न उघडता, ‘फॉस्जिनची शक्यता’ असं लिहून हॅलोजनयुक्त (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं असलेला) कचरा नेणाऱ्यांकडे तशीच सोपवावी?