मदत हवी आहे: काट्यावर गाडी थांबली की नाही, कॅमेऱ्यावरून कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी, निपाणीजवळ एका वजनकाट्यावर उसाचे ट्रॅक्टर येतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, गाडी पूर्ण थांबल्यावरच वजनाची नोंद व्हावी म्हणून बाजूनं पक्का कॅमेरा लावलाय. रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक, ओपनसीव्ही ही चित्रं तपासायची लायब्ररी, सेकंदाला 10 फ्रेम.

आधी दोन फ्रेममधला फरक काढून बघितला, पण गाडी थांबली तरी ट्रॉलीबाहेर लोंबणारा पाला वाऱ्यानं हलतोय, इंजिन चालू असलं की बॉनेट थरथरतंय, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी गाडी चालूच. मग एमओजी2 (बॅकग्राउंड शिकून त्यापेक्षा वेगळं दिसेल ते पांढरं दाखवणारी पद्धत) लावलं तर उलटंच, त्याची हिस्ट्री, म्हणजे शिकायला धरलेला मागचा काळ, मुळात 500 फ्रेमची, थांबलेली गाडी थोड्या वेळात बॅकग्राउंडमध्येच मुरते आणि काटा रिकामा दिसतो. लर्निंग रेट (बॅकग्राउंड शिकण्याचा वेग) शून्य केला तर ढग आला की सगळं पांढरं.

आता फक्त चाकाभोवती ऑप्टिकल फ्लो (एका फ्रेममधले पॉइंट पुढच्या फ्रेममध्ये किती सरकले ते मोजणं) करावा म्हणतोय, चाक फिरल्याशिवाय गाडी सरकत नाही ना. रात्री एकच हॅलोजन असतोय, नेट नाही, जमिनीत लूप (गाडी ओळखणारं तारेचं वेटोळं) टाकायला परवानगी नाही.

लुकास-कानाडे ही ऑप्टिकल फ्लोची पद्धत वापरताना थरथर आणि खरी हालचाल वेगळी करायला किती फ्रेममधलं सरकणं मोजायचं, आणि चिखलानं माखलेल्या चाकावर पॉइंट टिकतात का?