मदत हवी आहे : दोन वाटांवरच्या फुलपाखरांची तुलना कशी करावी?

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वनविभागाच्या परवानगीने मोजणी करायची आहे. एक वाट शिलोंड्याची ओढ्याकाठची, दुसरी कान्हेरीकडची उघडी. एकाच वाटेवर आम्हा दोघांचे आकडे जुळत नाहीत. ओल्या मातीवर थवा बसलेला असला की बेरीज एकदम फुगते. शिवाय पिवळ्या फुलपाखरांतलं कॉमन ग्रास यलो कुठलं आणि थ्री-स्पॉट ग्रास यलो कुठलं, तेही कळत नाही. जाळी वापरणार नाही.

प्रतिसाद १
आधी मोजायची हद्द ठरवा. पोलार्ड पद्धतीत (ठरलेल्या वाटेवर चालत फुलपाखरं मोजायची पद्धत) डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर, समोर ५ आणि वर ५ मीटर एवढंच धरतात. त्यापलीकडून ब्लू मॉरमॉन गेलं तरी मोजणीत नाही, वेगळ्या यादीत लिहा. दोन्हीकडे ५०० मीटरचा तुकडा घ्या, दर १०० मीटरला खूण. एकाने पाहायचं, दुसऱ्याने लिहायचं. फोटोसाठी थांबलात तर घड्याळही थांबवा. मागून पुढे गेलेलं फुलपाखरू पुन्हा मोजू नका.

वेळ सकाळी साडेआठ ते अकरा, ऊन असताना. आणि हे फार महत्त्वाचं : दोन्ही वाटा एकाच सकाळी चाला, पण क्रम दर फेरीला उलटा करा. नाहीतर उशिराच्या वाटेला कायम जास्त ऊन मिळतं आणि तिथली फुलपाखरं उगाच जास्त दिसतात.

प्रतिसाद २
ओल्या मातीवर बहुतेक नर असतात, क्षार शोषायला आलेले. तो थवा वेगळ्या रकान्यात लिहा. बेरजेत मिसळला तर एक-दोन जातींचं वर्चस्व दिसतं आणि शॅनन निर्देशांक (जातींची विविधता सांगणारा आकडा) खाली येतो. पण पूर्ण वगळूही नका, ओढ्याकाठचं ते खरं वैशिष्ट्य आहे.

पिवळ्यांसाठी बसलेल्या फुलपाखराच्या पुढच्या पंखाची खालची बाजू बघा. सेलमध्ये (पंखाच्या बुडाकडची शिरांनी वेढलेली जागा) सहसा दोन ठिपके असले तर कॉमन, तीन असले तर थ्री-स्पॉट. उडतं असेल तर ‘युरेमा, जात अनिश्चित’ एवढंच लिहा; युरेमा हा या दोन्ही पिवळ्यांचा वंश. अंदाजाने वाटणी केलीत तर सगळी तुलना बिघडते.

कॉमन मॉरमॉनची मादी बऱ्याचदा रोझ नावाच्या फुलपाखरासारखी दिसते, पण तिचं अंग काळं असतं, रोझचं लाल. कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या पंखाखाली पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठिपके असतात, कोरड्या दिवसांत ते फुलपाखरू वाळक्या पानासारखं दिसतं. यादीत त्याच्या दोन जाती होऊ देऊ नका.

प्रश्नकर्ता
फेऱ्या किती?

प्रतिसाद १
महिन्याला दोन, वर्षभर. फक्त सप्टेंबर-नोव्हेंबर घेतलं तर पावसानंतरचा बहरच मोजला जाईल. काहीच न दिसलेल्या फेरीचं शून्यही नोंदवा. एका वाटेच्या फेऱ्या कमी पडल्या, तर दुसरीच्याही तेवढ्याच धरून जाती मोजा.