नवोदित शास्त्रज्ञांच्या आंतरशाखीय निवासी शिबिराची आखणी कशी करावी?

मृदावेधी:
नमस्कार. पुण्यातील काही संशोधन संस्थांत नुकतेच रुजू झालेले सहायक प्राध्यापक आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतर ठरावीक काळासाठी नेमलेले संशोधक) अशा सुमारे तीस जणांसाठी हिवाळ्यात महाबळेश्वरला तीन दिवसांचे निवासी शिबिर घ्यायचे ठरले असून आखणीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी मृदाशास्त्राची; बाकीची मंडळी भौतिकी, संगणकशास्त्र, परिसंस्थाशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतील आहेत. समितीच्या मसुद्यात प्रत्येकाला वीस मिनिटांचे सादरीकरण आहे, म्हणजे दहा तास त्यातच संपतात आणि आपसांत बोलायला फक्त जेवणाची वेळ उरते. परक्या शाखेतील माणसाबरोबर काम करण्याचा प्रत्यक्ष सराव व्हावा, यासाठी काय करता येईल?

घाटवाट:
सादरीकरणे सरळ रद्द करावीत. फार तर प्रत्येकाचे एकेक भित्तिपत्रक लावावे. अमेरिकेतील रिसर्च कॉर्पोरेशन ही १९१२ साली स्थापन झालेली संस्था २०१० पासून ‘सायलॉग’ नावाच्या बैठका घेते. तिथे तरुण प्राध्यापक लहान गटांत चर्चा करतात आणि बैठक आटोपण्याआधी दोघा-तिघांनी मिळून संशोधनाचा छोटा प्रस्ताव लिहितात. निवडलेल्या प्रस्तावांना बीजनिधी मिळतो. मात्र ज्यांनी पूर्वी एकत्र काम केले आहे, त्यांना एकमेकांबरोबर प्रस्ताव देता येत नाही. माझ्या मते सगळी मेख या एका अटीत आहे, कारण ती नसेल तर ओळखीची माणसे ओळखीच्यांनाच धरून बसतात. जेवणाचेही तसेच. जर्मनीतील डागश्टूल येथे संगणकशास्त्राची निवासी चर्चासत्रे होतात, त्यांत भोजनाच्या जागा नावांच्या चिठ्ठ्या ठेवून ठरवतात, त्यामुळे रोज नवा शेजारी मिळतो. याला खर्च शून्य.

बेडूकपुराण:
वरील सूचना योग्य आहेत, पण अशा शिबिरांतून जुळलेल्या जोड्या पुढे तुटतात त्या कल्पनांच्या अभावी नव्हे, तर व्यवहारामुळे. मी सह्याद्रीतील बेडकांचा अभ्यास करतो. नर बेडकांच्या हाका प्रामुख्याने पावसाळ्यातच ध्वनिमुद्रित करता येतात. तो हंगाम हुकला की वर्ष गेले. हाका ओळखणारी संगणकप्रणाली घडवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याची घाई निराळी, कारण त्यांच्या क्षेत्रात परिषदेतील शोधनिबंधाला मोठे वजन असते आणि परिषदेची अंतिम तारीख पावसाची वाट पाहत नाही. शिवाय त्या प्रणालीला शिकवण्यासाठी कोणीतरी तासन्‌तास हेडफोन लावून, पावसाच्या आणि रातकिड्यांच्या गोंगाटातून प्रत्येक हाक कोणत्या जातीची आहे ते नोंदवावे लागते. हे सर्वांत कंटाळवाणे काम करणाऱ्याचे नाव निबंधात कुठे येणार? जीवशास्त्रात शेवटचे नाव बहुधा प्रयोगशाळाप्रमुखाचे असते, तर गणितात आणि सैद्धान्तिक संगणकशास्त्रात नावे सहसा वर्णानुक्रमाने लावतात. पदोन्नतीच्या मुलाखतीत हा फरक समजून घेणारा परीक्षक भेटेलच असे नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी प्रत्येक गटाकडून एक पान लिहून घ्यावे: विदा (डेटा) कोणाकडे राहील, कोणते काम कोणत्या महिन्यात होईल, नावांचा क्रम कसा ठरेल आणि एकाने माघार घेतल्यास काय करायचे. हे पान लिहिताना जो वाद होईल, तोच तुम्हाला हवा असलेला सराव.

तिसरी_खोली:
एक मतभेद नोंदवते. अभियांत्रिकी आणि भौतिक विज्ञानांतील संशोधनाला निधी देणाऱ्या ब्रिटनच्या ईपीएसआरसी या संस्थेचे ‘सँडपिट’ नावाचे निवासी शिबिर साधारण पाच दिवस चालते आणि अखेरीस निधीचा निर्णय होतो. तिथे मोठी रक्कम पणाला लागलेली असते, त्यामुळे स्पर्धा समजण्याजोगी आहे. एकाच शहरातील तीस जणांत, ज्यांना पुढे एकमेकांची उपकरणे उसनी मागायची आहेत, ‘सर्वोत्कृष्ट प्रस्ताव’ निवडणे मला धोक्याचे वाटते. निधी थोडाच असेल तर तो सर्व गटांना प्रवास आणि नमुन्यांच्या तपासणीपुरता वाटावा. ज्येष्ठांना बोलवायचे असल्यास उद्घाटनाची भाषणे न ठेवता त्यांना गटांत बसवावे.

मृदावेधी:
सर्वांचे आभार. सादरीकरणांऐवजी भित्तिपत्रके आणि भोजनाच्या चिठ्ठ्या समितीला मान्य होतील असे दिसते. नावांच्या क्रमाचे पान मात्र मी तिसऱ्या नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवणार आहे, म्हणजे एखादा गट त्यावर फिसकटला तर त्यातील सदस्यांना दुसरा जोडीदार शोधायला सवड मिळेल. उद्घाटनाच्या भाषणांबाबत संचालकांशी बोलावे लागेल. तो विषय कसा काढावा, यावर कोणाचा अनुभव असल्यास अवश्य लिहावे.