आरएक्स-७ घेताना आधी कॉम्प्रेशन बघा

माझदा आरएक्स-७ घेतल्यावर आधी टर्बो मोठा करावा की सस्पेन्शन बदलावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: यातलं काहीच आधी नको; आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत किती दाब तयार होतो, ते बघा. १९९१ ते २००२ मधल्या माझदा आरएक्स-७ एफडीचा (तिसऱ्या पिढीचा) सगळा जीव त्या १३बी रोटरी इंजिनात आहे; त्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात; साध्या कॉम्प्रेशन गेजवर फक्त सर्वांत मोठा आकडा दिसतो आणि एखादी बाजू गळत असली तरी कळत नाही. रोटरीसाठीचा टेस्टर तिन्ही आकडे वेगळे देतो. इंजिन गरम असतानाच मोजा. गरम गाडी पुन्हा सुरू व्हायला कुरकुरत असेल तर अपेक्स सीलची, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या दाब अडवणाऱ्या पट्ट्यांची, शंका घ्या. विकणारा तपासू देत नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या.

घेतलीत की पहिला खर्च कूलिंगवर. प्लास्टिकची एअर सेपरेटर टाकी (कूलंटमधली हवा वेगळी करणारी) उष्णतेने तडकते, ती अॅल्युमिनियमची बसवा. जुने व्हॅक्यूम पाइप काढून सिलिकॉनचे घाला. गाडीचे दोन टर्बो एकापाठोपाठ चालू होणं या पाइपांवरच अवलंबून असतं. आणि हो, तेल थोडं जळणारच. सीलना वंगण मिळावं म्हणून इंजिन ते मुद्दाम आत सोडतं, तेव्हा पेट्रोल भरताना दर वेळी पातळी बघत जा. टर्बोचं त्यानंतर बोलू.