मदत हवी आहे: ६० पिनी कॅसेटचा जुना व्हिडिओ गेम एलईडी टीव्हीवर नीट चालवायचा आहे (आणि रेट्रोआर्कमध्ये वेग व आवाज जुळत नाही)

कॅसेटवाला

नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

नव्वदच्या दशकातला, ६० पिनांच्या कॅसेट घेणारा टीव्ही गेम चालू स्थितीत आहे. मागे पिवळं आणि पांढरं अशी दोन एव्ही सॉकेटं, दोन रिमोट, एक बंदूक. टीव्ही ४३ इंची फुल एचडी एलईडी. त्याला एव्हीसाठी एकच ३.५ मिमीचं भोक आहे, म्हणून बाजारात मिळणारी ३.५ मिमी ते तीन आरसीए वायर लावली आहे. त्याच टीव्हीला एचडीएमआयने लॅपटॉपही जोडलेला आहे. त्यावर रेट्रोआर्क (जुने गेम चालवणारा एमुलेटर), कोअर (आतला गेम चालवणारा भाग) एफसीईयूएमएम.

खऱ्या गेमच्या अडचणी: वायरची पिवळी पिन पिवळ्या सॉकेटात घातली तर चित्र येत नाही, नुसती घरघर. लाल पिन पिवळ्यात घातली की चित्र येतं. असं चालवलं तर काही जळेल का? कॉन्ट्रात दोघं खेळत असले की निम्म्या गोळ्या दिसतच नाहीत. उडी बटणानंतर उशिरा लागते. बंदूक काहीच टिपत नाही. चित्रात एक जाड आडवा पट्टा हळूहळू वर सरकत असतो.

रेट्रोआर्कच्या अडचणी: ऑटोवर ठेवलं की सगळं पळत सुटतं, संगीतसुद्धा. रीजन पाल (५० हर्ट्झची टीव्ही पद्धत) केलं तर वेग जुळतो पण सूर खाली जातो. दोन्हीकडे आवाजाचा पोत खऱ्या गेमपेक्षा वेगळा लागतो. शिवाय पालवर पडदा सरकताना हिसके बसतात.

दोन्ही शेजारी ठेवून सारखे दिसावेत आणि वाजावेत एवढंच हवं आहे.

---

स्कॅनलाइन

रेट्रोआर्कचं आधी सांगतो, कारण तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. तुमचा गेम एनटीएससीही (६० हर्ट्झची टीव्ही पद्धत) नाही आणि खरा पालही नाही. तिसरा प्रकार आहे, त्याचं एमुलेटरमधलं नाव डेंडी. हे रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच एका नकली कन्सोलचं नाव, पण आतल्या यूएमसी या तैवानी कंपनीच्या चिपा आपल्याकडच्या बऱ्याच खोक्यांमध्येही त्याच.

फरक असा. निन्टेंडोचा मूळ फॅमिकॉम (१९८३) जपानच्या ६० हर्ट्झ टीव्हीसाठी होता, नेमकं ६०.०९८८. सीपीयू १.७८९७७३ मेगाहर्ट्झ. युरोपचा अधिकृत पाल कन्सोल ५०.००७ हर्ट्झ, पण त्याचा सीपीयूसुद्धा मंद केलेला, १.६६२६०७. सीपीयू मंद झाला की आवाजाचे सूर त्याच प्रमाणात उतरतात, इथे सुमारे ७ टक्के. पेटीवर सांगायचं तर काळी दोनचा सूर पांढरी दोनच्याही जरा खाली जातो. तुम्हाला ऐकू आलं ते हेच.

यूएमसीवाल्यांना जपानी आणि अमेरिकी गेम न बदलता ५० हर्ट्झवर चालवायचे होते. क्रिस्टल तोच २६.६०१७१२ मेगाहर्ट्झचा ठेवून त्यांनी त्याला १६ ऐवजी १५ ने भागलं. सीपीयू झाला १.७७३४४८, म्हणजे एनटीएससीपेक्षा जेमतेम १ टक्का कमी. सूर जागच्या जागी राहतो, फक्त लय सावकाश होते. एका फ्रेममध्ये ३१२ ओळी आहेत, एनटीएससीपेक्षा ५० जास्त. त्या जादा ओळी चित्र संपल्यावर आणि गेमला इंटरप्ट (चित्र संपल्याचा इशारा) जाण्याआधी घातल्या आहेत. त्यामुळे गेमच्या प्रोग्रामला आपण एनटीएससीवरच आहोत असं वाटतं आणि काही बिघडत नाही. हे डोकं ज्याने लढवलं त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आता करायचं काय:

एफ१ दाबा, क्विक मेन्यू, कोअर ऑप्शन्स, रीजन डेंडी. त्याच यादीत ध्वनीच्या भागात स्वॅप ऑडिओ ड्यूटी सायकल्स आहे, ते चालू करा. पोत वेगळा लागतो तो याच्यामुळे. या खोक्यांमधल्या यूए६५२७पी चिपेत चौकोनी लहरीच्या २५ टक्के आणि ५० टक्के रुंदीची अदलाबदल झालेली आहे. ५० टक्क्यांचा पोकळ आवाज हवा तिथे २५ टक्क्यांचा चिरका येतो, आणि उलट. मूळ संगीतकाराच्या दृष्टीने ही चूक, पण तुम्हाला जुळवायचा आहे तो खोक्याचा आवाज. गेम रीस्टार्ट करा.

खात्री करायची सोपी कसोटी: सुपर मारिओ सुरू करा आणि पहिल्या पडद्यावर मारिओला नुसतं उभं ठेवा. वरच्या टाइमचा एक आकडा २४ फ्रेमला उतरतो. १०० आकडे उतरायला ४० सेकंद लागले तर ६० हर्ट्झ, ४८ लागले तर ५० हर्ट्झ. आधी खऱ्या गेमवर मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजा, मग रेट्रोआर्कवर. खरा गेम ४० दाखवत असेल तर वर लिहिलेलं डेंडीचं सगळं सोडून द्या, तुमचं खोकं ६० हर्ट्झचं आहे. उघडून बघणार असाल तर क्रिस्टलवर छापलेला आकडाही हेच सांगेल: २६.६ की २१.४७.

हिसक्यांचं कारण: गेम सेकंदाला ५० फ्रेम देतो, एचडीएमआयवर टीव्ही ६० हर्ट्झला आहे. दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते, सेकंदाला दहा वेळा. एमुलेटरमध्ये काहीही फिरवून हे जाणार नाही, टीव्हीलाच ५० हर्ट्झवर न्यायला हवं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, वर टीव्ही निवडा आणि रिफ्रेश रेट ५०. यादीत ५० दिसत नसेल तर तुम्ही बहुधा लॅपटॉपचा पडदा निवडलेला आहे. डिस्प्ले डुप्लिकेटवर न ठेवता फक्त दुसऱ्या पडद्यावर ठेवा. मग रेट्रोआर्कच्या व्हिडिओ सेटिंगमध्येही रिफ्रेश रेट ५० च्या आसपास आहे ना ते बघा, व्हीसिंक चालू.

---

शिशाची_तार

हार्डवेअरचं माझ्याकडे.

लाल पिन पिवळ्यात: काही जळत नाही, बिनधास्त तसंच ठेवा. ३.५ मिमीच्या चार पट्ट्यांच्या पिनेत कुठल्या पट्टीवर काय, याची एकच रीत नाही. एका रीतीत टोकाकडून डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड, चित्र. दुसरीत, जी कॅमकॉर्डरच्या वायरींत असायची, डावा आवाज, चित्र, ग्राउंड, उजवा आवाज. तुमचा टीव्ही पहिल्या रीतीचा आणि वायर दुसरीची. ग्राउंड दोन्हीत तिसऱ्या पट्टीवर, म्हणून फक्त चित्र आणि उजव्या आवाजाची अदलाबदल झाली. पांढरी पांढऱ्यातच राहील, आणि गेमचा आवाज मोनो असल्याने उरलेली पिवळी पिन मोकळी सोडा. ज्या वायरीत ग्राउंडच वेगळ्या पट्टीवर असतं तिथे मात्र कितीही अदलाबदल केली तरी चित्र स्थिर होत नाही, ती वायर बदलावीच लागते.

सरकणारा पट्टा ॲडॉप्टरचा. ट्रान्सफॉर्मरवाला जुना ॲडॉप्टर असेल तर त्यातला १००० किंवा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाळला आहे. विजेची ५० हर्ट्झ आणि गेमची ५०.००७ इतकी जवळ आहेत की गुरगुर पळत नाही, संथ पट्ट्यासारखी चढत राहते. दुरुस्त करत बसू नका, ९ व्होल्ट १ ॲम्पिअरचा एसएमपीएस ॲडॉप्टर घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल.

पण लावण्याआधी पोलॅरिटी तपासा. आजचे ॲडॉप्टर बहुतेक मधली पिन धन असलेले असतात आणि फॅमिकॉमच्या वंशातले गेम बऱ्याचदा मधली पिन ऋण असलेले. उलटा प्रवाह गेला तर कित्येक खोक्यांत आडवायला एक डायोडसुद्धा नसतो, ७८०५ रेग्युलेटरच्या पुढचं सगळं जाऊ शकतं. तपासायची पद्धत: सगळ्या वायरी काढा. मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक पिवळ्या सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं ॲडॉप्टरच्या भोकातल्या मधल्या पिनेला. बीप वाजली तर मधली पिन ऋण. मधल्या पिनेला वाजली नाही आणि बाहेरच्या पत्र्याला वाजली तर मधली धन. दोन्हीकडे वाजली नाही तर आत ब्रिज (कुठल्याही दिशेचा प्रवाह सरळ करणारे चार डायोड) असू शकतो, पण उघडून खात्री केल्याशिवाय लावू नका.

गोळ्या गायब होण्याबद्दल. गेममधल्या चित्राच्या चिपेला एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (माणसं, गोळ्या अशी हलणारी छोटी चित्रं) दाखवता येतात. जास्त झाले की गेम मुद्दाम आळीपाळीने दाखवतो: या फ्रेमला ही गोळी, पुढच्या फ्रेमला ती. पिक्चर ट्यूबवर डोळ्याला नुसती लुकलुक दिसते. एलईडी टीव्ही मात्र एव्हीतून आलेलं सगळं इंटरलेस्ड समजतो. दोन लागोपाठच्या फ्रेम म्हणजे एकाच चित्राचे सम आणि विषम भाग असं धरून त्या एकमेकींत मिसळतो किंवा एक टाकून देतो. टाकलेल्या फ्रेममधली गोळी कायमचीच गेली. उशीरही याच प्रक्रियेतून येतो. गेम मोड चालू करा, एव्ही इनपुटला तो वेगळा लावावा लागतो. नॉइज रिडक्शन आणि मोशनची सगळी सेटिंग बंद. उशीर कमी होईल, गोळ्या मात्र बहुधा परतणार नाहीत.

एव्ही टू एचडीएमआय म्हणून मिळणारी छोटी डबी घेऊ नका. ती हीच चूक करते, वर ५० हर्ट्झचं ६० करून हिसके घालते आणि चित्र १६:९ मध्ये ताणते. खरा उपाय म्हणजे ही ओळरचना जशीच्या तशी ओळखणारा स्केलर (चित्र मोठं करून एचडीएमआयवर देणारी डबी). रेट्रोटिंक ५एक्स हे त्यातलं चांगलं नाव, त्याला कंपोझिट, म्हणजे पिवळ्या पिनेचा, इनपुट आहे. ओएसएससीचं नाव कोणी सुचवेल, पण मूळ ओएसएससी कंपोझिट घेत नाही, तुमच्या गेमला निरुपयोगी. खर्च करायचा नसेल तर रद्दीतला २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधा. गोळ्या, उशीर आणि बंदूक तिन्ही एका फटक्यात सुटतात.

बंदूक एलईडीवर चालणार नाही, कुठल्याही स्केलरने नाही. घोडा ओढला की गेम एक फ्रेम पडदा काळा करतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो आणि बंदुकीतला फोटोडायोड त्याच वेळी उजेड आला का बघतो. एलईडी टीव्हीवर चौकोन काही फ्रेम उशिरा येतो, तोवर गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं. शिवाय बंदुकीतलं सर्किट ट्यूबवरच्या सेकंदाला सुमारे १५,००० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडासाठी बेतलेलं असतं, पॅनेलचा सलग उजेड त्याला दिसतच नाही.

---

कॅसेटवाला

दोघांचेही मनापासून आभार. मारिओची कसोटी केली: खऱ्या गेमवर ४८ सेकंद, रेट्रोआर्कवर डेंडी लावल्यावर ४८. ड्यूटी स्वॅप केल्यावर दोन्हीकडचं संगीत ओळखू येऊ नये इतकं जुळलं. टीव्ही ५० वर नेल्यावर हिसकेही गेले. मधल्या पिनेला बीप वाजली, म्हणजे ऋण. तसा ॲडॉप्टर लावला, पट्टा गेला.

दोन गोष्टी राहिल्या. रेट्रोआर्कमधलं चित्र खऱ्यापेक्षा अरुंद दिसतं. आणि उडीचा उशीर लॅपटॉपवरही थोडा जाणवतो. जुने रिमोट लॅपटॉपला जोडता येतील का?

---

स्कॅनलाइन

रुंदी: पाल टीव्हीला २८८ ओळी दिसतात, गेम भरतो २४०. खऱ्या गेमचं चित्र त्यामुळे मुळातच थोडं बसकं असतं, वरखाली काळी पट्टी. व्हिडिओ, स्केलिंग, ॲस्पेक्ट रेशो कस्टम करा. उंची ९६०, म्हणजे २४० ची बरोबर चौपट, आणि रुंदी १४२०. उंची १०८० करायचा मोह होईल. करू नका, साडेचार पट होते आणि काही ओळी जाड, काही बारीक दिसतात. आडवे पिक्सेल तरीही पूर्ण पटीत बसत नाहीत, तेवढ्यासाठी शार्प बायलिनिअर शेडर लावा.

उशीर: टीव्हीचा गेम मोड एचडीएमआय इनपुटलाही वेगळा लावा. मग रन-अहेड (गेम आतल्या आत काही फ्रेम पुढे चालवून उशीर कापणारं सेटिंग). किती ठेवायचं ते मोजून ठरवा. गेम चालू असताना पी दाबून थांबवा, उडीचं बटण दाबून धरा आणि के एकेकदा दाबत जा. दुसऱ्या दाबाला माणूस हलला तर रन-अहेड १, तिसऱ्याला हलला तर २. त्याहून जास्त ठेवलं तर उडीची पहिली फ्रेमच गायब होते. ५० हर्ट्झवर एक फ्रेम म्हणजे २० मिलिसेकंद, बोटाला लगेच कळतं.

---

शिशाची_तार

रिमोट जोडता येतात. एटीमेगा३२यू४ असलेला आर्डुइनो प्रो मायक्रो घ्या, तो लॅपटॉपला गेमपॅड म्हणून दिसतो. रिमोटच्या नऊ पिनांपैकी पाचच कामाच्या: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच (बटणांची स्थिती टिपायचा इशारा), क्लॉक (पुढचं बटण मागायचा ठोका), डेटा. लॅचला १२ मायक्रोसेकंदांचा पल्स द्या, मग डेटा वाचत आठ वेळा क्लॉक हलवा. क्रम ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. बटण दाबलेलं असेल तर डेटा शून्य.

आतल्या वायरींच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका, दोन रिमोटांत लाल वायर दोन वेगळ्या पिनांना सापडते. रिमोट गेमला लावून, गेम चालू करून आधी ग्राउंड आणि ५ व्होल्ट मीटरने शोधा. उरलेल्या तीन वायरींत लॅच आणि क्लॉक गेमकडून येतात. गेम बंद करून त्याची नऊ पिनी दोन्ही सॉकेटं मीटरने तपासा: लॅच सहसा दोन्हींना सामाईक असतो, तिथे बीप वाजते. क्लॉक आणि डेटा दोन्हींना वेगवेगळे. तेवढ्या दोन पिना उलटसुलट करून बघितल्या की लागलं.