प्रायव्हसी हवीये पण रोजची कटकट नको, ब्राउझर नि अ‍ॅप्स कुठली घेऊ?

टॅबपसारा
नमस्कार मंडळी. अँड्रॉइड फोन आणि विंडोज लॅपटॉप, दोन्हीकडे क्रोम, मेल गूगलचा, नकाशे गूगलचे. एखादी वस्तू सहज म्हणून बघितली की आठवडाभर तीच जाहिरात जिथे जाऊ तिथे मागे लागते, वैताग आलाय. बदलायचंय पण माझ्या अटी पण आहेत. घरचे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यांना हलवणं माझ्या हातात नाही. पासवर्ड आपोआप भरले गेले पाहिजेत, नकाशात ट्रॅफिक दिसला पाहिजे आणि बँकेची साईट उघडली पाहिजे. लिनक्स टाका, फोन रूट करा असले सल्ले प्लीज नकोत. काय बदललं तर फायदा जास्त नि त्रास कमी?

खिडकीवाला
आधी हे ठरवा की लपायचंय कोणापासून. जाहिरातवाल्यांपासून, इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून की तुमचा फोन उचलून बघणाऱ्या घरातल्याच माणसापासून? तिन्हीला उपाय वेगळे. इन्कॉग्निटो, म्हणजे फोनवर हिस्टरी न ठेवणारी क्रोमची खिडकी, फक्त तिसऱ्यासाठी कामाची, साईटला तुम्ही दिसताच. यावरून गूगलवर अमेरिकेत खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत जुन्या नोंदी नष्ट करायचं कबूल करावं लागलं.

तुमचं दुखणं पहिल्या प्रकारचं दिसतंय, मग ब्राउझरपासून सुरुवात करा, कमीत कमी त्रासाचा बदल तोच. फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. बुकमार्क आणि पासवर्ड क्रोममधून उचलता येतात. २०२२ पासून फायरफॉक्स प्रत्येक साईटच्या कुकीज (तुम्हाला ओळखायला साईट ब्राउझरमध्ये ठेवते त्या खुणा) त्या साईटपुरत्याच कोंडून ठेवतं, त्यामुळे एका ठिकाणी बघितलेलं दुसरीकडे कळणं बरंच कमी होतं. क्रोमनं २०२० मध्ये सांगितलेलं की थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे साईटवरच्या परक्या जाहिरातवाल्यांच्या, दोन वर्षांत बंद करतो, मग पुढे ढकल, परत पुढे ढकल, आणि २०२४ मध्ये बेतच सोडून दिला. जाहिरातींवर पोट असलेल्यांकडून वेगळं काय होणार म्हणा. शिवाय मॅनिफेस्ट व्ही ३ हे एक्स्टेन्शनसाठीचे क्रोमचे नवे नियम आल्यापासून क्रोमवर पूर्ण यूब्लॉक चालत नाही, त्याची लाइट आवृत्ती चालते. फोनवरच्या फायरफॉक्समध्येही एक्स्टेन्शन टाकता येतात, हा मोठा फायदा.

पण एक लक्षात घ्या, दिवसभर गूगलमध्ये लॉगिन राहून ब्राउझर तेवढा बदललात तर गूगलला फारसा फरक पडत नाही. लॅपटॉपवर फायरफॉक्सचं कंटेनर्सवालं एक्स्टेन्शन आहे, ते टॅबचे वेगळे कप्पे करतं, एकातलं लॉगिन दुसऱ्याला दिसत नाही, मेल एका कंटेनरमध्ये उघडा, बाकी सगळं बाहेर लॉगिनशिवाय.

कुकीचोर
फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा बहुतेक पैसा गूगलकडूनच येतो हो, गूगल सर्च डीफॉल्ट ठेवण्याचा. तेही सांगा की. मी ब्रेव्ह ब्राउझर वापरतो, क्रोम ज्यावर बनलाय त्या क्रोमियमवरच बनलाय त्यामुळे साईट मोडत नाहीत, ब्लॉकिंग आतच आहे, काही टाकावं लागत नाही. फक्त ते क्रिप्टो वॉलेट, रिवॉर्ड्स वगैरे पहिल्याच दिवशी बंद करून टाकायचं.

साधीभाषा
@कुकीचोर आणि त्याच ब्रेव्हनं २०२० मध्ये लोक पत्ता टाइप करत असताना मागे स्वतःची अ‍ॅफिलिएट लिंक (जिच्यातून कमिशन मिळतं ती) चिकटवलेली, पकडलं गेल्यावर काढली. डकडकगोच्या ब्राउझरमध्ये २०२२ ला मायक्रोसॉफ्टच्या ट्रॅकर्सना (तुमच्यावर नजर ठेवणाऱ्या कोडना) सूट दिलेली सापडली, बोंबाबोंब झाल्यावर तीही काढली. अशी यादी काढत बसलो तर शेवटी सगळेच बाद होतील आणि माणूस परत क्रोमवर. धागाकर्त्यांना जे सोपं वाटेल ते घेऊ दे, फायरफॉक्स नि ब्रेव्ह दोन्ही क्रोमपेक्षा बरे.

निवांत
मला एक कळत नाही, एवढं लपवायला असतं काय लोकांकडे? बघतात तर बघू दे.

साधीभाषा
@निवांत तुमचं तुम्ही बघू द्या हो, पण एखाद्या फालतू टॉर्च अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिलीत की माझा नंबर पण दिलात, तोही मला न विचारता.

निवांत
हा मुद्दा बरोबरे. बघतो परवानग्या.

शून्यमात्रा
ब्राउझरवर सगळे तुटून पडलेत पण खरी गळती अ‍ॅप्समधून आहे. ब्राउझरमध्ये निदान ब्लॉकर टाकता येतो, अ‍ॅपच्या आत ट्रॅकर काय करतोय ते आपल्याला दिसत पण नाही. म्हणून माझा नियम असा की जे काम साईटवर होतं त्याचं अ‍ॅप घ्यायचंच नाही, खरेदी, बातम्या, तिकिटं सगळं ब्राउझरमधून. बँकेचं अ‍ॅप ठेवा, तिथे वाद नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले फोन ज्यावरून ओळखतात तो नंबर) डिलीट करा, आणि लोकेशन एकेकाचं तपासा. अँड्रॉइड १२ पासून अंदाजे लोकेशन देता येतं, हवामानवाल्याला तेवढं पुरे.

नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स छान आहे, ऑफलाइन चालतं, पण लाइव्ह ट्रॅफिक नाही, तेव्हा तुमच्या अटीत बसत नाही. गूगल मॅप्सच ठेवा, लोकेशन फक्त वापरताना द्या आणि टाइमलाइन, म्हणजे कुठे कुठे गेलात त्याची नोंद, बंद. पासवर्ड सांभाळायला बिटवॉर्डन अ‍ॅप, फोन लॅपटॉप दोन्हीकडे आपोआप भरतो.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल घाबरू नका. मेसेज २०१६ पासून सिग्नल या प्रायव्हसीवाल्या मेसेज अ‍ॅपच्याच पद्धतीनं एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होतात. आत काय लिहिलं ते कंपनीला दिसत नाही, पण कोणाशी, कधी, किती वेळा हे कळतं. आणि उलट टेलिग्रामच्या साध्या चॅट एंड टू एंड (फक्त दोघांनाच वाचता येतील अशा) एन्क्रिप्ट नसतात, सीक्रेट चॅट मुद्दाम उघडावी लागते, तरी लोक प्रायव्हसीसाठी म्हणून तिकडे जातात, काय बोलणार. सिग्नल फोनमध्ये असू द्या, जे दोघंचौघं तयार असतील त्यांच्यापुरतं. नंबर लागतोच, पण २०२४ पासून युजरनेम ठेवून तो समोरच्यापासून लपवता येतो.

कुकीचोर
व्हीपीएनचं, म्हणजे सगळं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवण्याचं, कोणी बोललंच नाही?

खिडकीवाला
त्यांच्या कामाचा नाही. इंटरनेटवाल्याऐवजी व्हीपीएनवाला बघतो एवढंच, आणि फुकटचा असेल तर त्याचा खर्च कशातून निघतो ते बघाच. लॉगिन, कुकीज तशाच राहतात, जाहिरात मागे यायची ती येतेच.

टॅबपसारा
सगळ्यांना धन्यवाद _/\_ फायरफॉक्स नि बिटवॉर्डन टाकलं, खरेदीची अ‍ॅप्स उडवली. एक अडचण, फायरफॉक्सचं ट्रॅकर ब्लॉकिंग स्ट्रिक्टवर (सगळ्यात कडक) ठेवलं तर बँकेच्या साईटचं पेमेंटचं पान पांढरंफटक येतंय. स्टँडर्डवर आणू का?

खिडकीवाला
सगळं कशाला सैल करताय, पत्त्याच्या डावीकडे ढालीचं चिन्ह आहे ना, त्यावरून फक्त त्या साईटपुरतं बंद करा. तरी नाही झालं तर यूब्लॉक पण तेवढ्यापुरता बंद. मी तर पैशाच्या कामाला दुसरा कोरा ब्राउझरच ठेवलाय, एकही एक्स्टेन्शन नाही, त्यात बाकी काही उघडत नाही.

टॅबपसारा
ढालीवरून झालं, पान आलं!

शून्यमात्रा
मघाशी एक राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप ड्राइव्हवर जात असेल तर त्याचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, सेटिंगमध्ये चॅट बॅकअपखाली आहे. पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये ठेवा, विसरलात तर तो बॅकअप कंपनीलाही उघडून देता येत नाही.